कडीचा कणखरपणा तारेतच हवा

न झाळलेल्या कड्यांची साखळी टिकते ती केवळ धातूच्या ताठपणावर. कडी मऊ असली की जराशा ओढीने तिचं तोंड केसभर उघडतं आणि शेजारची कडी निसटते. म्हणून पुष्कळ जण विणलेला दागिना पोलादी गोळ्यांसोबत फिरत्या पिंपात घालतात. झळाळी उत्तम येते, पण गोळ्यांचा मार पृष्ठभागापुरताच. गाभा जवळपास होता तसाच राहतो. तार जंतराच्या भोकातून ओढली की मात्र आतले स्फटिकही ताणले जातात, आणि ताठपणा गाभ्यापर्यंत पोचतो.

ताठ तार उसळते, तोंड जुळत नाही, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय मऊ तार नव्हे, अर्धताठ तार. दोन पकडींनी कडी मागेपुढे हलवत टोकं किंचित एकमेकांपलीकडे नेऊन सोडली की ती नेमकी समोरासमोर येतात, आणि या वाकवण्यानेही कडी थोडी कडक होतेच. मग भट्टी का नको? ९२.५ टक्के चांदी आणि उरलेलं तांबं असा मिश्रधातू सुमारे ३०० अंश सेल्सिअसला तासभर ठेवला तर कडक होतो, हे खरं. पण पूर्ण गुण येण्यासाठी आधी तो लाल तापवून पाण्यात बुडवावा लागतो, आणि त्यात ओढकामाचा ताठपणा पुसला जातो. शुद्ध चांदीला आणि तांब्याला तर ही वाटच नाही. पोलादासारखं तापवून पाण्यात बुडवलं तर ती उलट मऊ पडतात.