गंज काढणे सोपे, टाकी वाळवणे अवघड

जुन्या मोटारसायकलच्या टाकीत गंज धरला की बेळगाव-निपाणी पट्ट्यात चर्चा सुरू होते ती तो कशाने काढायचा याची. कुणी ॲसिड सुचवतो, कुणी आत खडी आणि जुने नट घालून टाकी गदागदा हलवायला सांगतो, कुणी व्हिनेगरवर भरवसा ठेवतो. ही सगळी चर्चा चुकीच्या टोकाला सुरू होते असे मला वाटते. गंज जवळजवळ कशानेही सुटतो. टाकी पुढे दहा वर्षे टिकणार की दोन पावसाळ्यांत गळू लागणार, हे ठरते गंज निघाल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात. उघडा पडलेला पत्रा किती लवकर कोरडा झाला आणि त्यावर संरक्षण काय बसले, एवढ्यावर सगळे अवलंबून असते. औषधाची निवड त्यानंतरची गोष्ट.

याचा पुरावा गंजाच्या जागेतच सापडतो. टाकी रिकामी करून, वाफ उडून जाऊ देऊन, आत एलईडी टॉर्चचा उजेड टाकला तर गंज सगळीकडे सारखा दिसत नाही. एक पट्टा छताला असतो आणि दुसरा, अधिक खोल गेलेला, तळाला. छताचा गंज अर्ध्या भरलेल्या टाकीचा. दिवसा तापलेली आणि रात्री गार झालेली दमट हवा झाकणाच्या भोकातून ये-जा करते आणि तिच्यातले पाणी वरच्या पत्र्यावर थेंबाथेंबाने बसते. तेच पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने शेवटी खाली उतरते. टाकी फ्रेमवर खोगिरासारखी बसवलेली असते, त्यामुळे तळाला दोन्ही बाजूंना दोन खोलगे तयार होतात. पेट्रोल कॉकची नळी तळापासून थोडी वर उभी असते आणि रिझर्व्हवर घेतले तरी तिच्या तोंडाखालचे पाणी तिथेच राहते. गाडी रोज चालली तरी ते निघत नाही, उभी राहिली तर मग विचारूच नका. आंबोलीकडून येणारा पाऊस खानापूर-बेळगावला झोडपतो आणि निपाणीकडे जाता जाता ओसरतो. तरी जुलै-ऑगस्टची ओली हवा दोन्हीकडे सारखीच पोचते. थोडक्यात, टाकीला गंज लागतो तो आत अडकलेल्या ओलाव्याने. मग गंज काढताना आपण आत बादलीभर पाणी ओततो, हे विसरून चालणार नाही.

आता काढण्याच्या पद्धती. खडी, नट किंवा साखळी घालून हलवल्याने सुटी खपली पडते. शिवणीतला आणि फ्रेमच्या बोगद्यामागचा गंज मात्र तसाच राहतो, आणि आधीच पातळ झालेल्या जागी भोक पडण्याची भीती असते. संडास साफ करायचे ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते गंज झपाट्याने खाते, पण गंज संपल्यावर थांबत नाही, चांगला पत्राही खाऊ लागते. त्याचे क्लोराइड शिवणीत अडकून राहिले तर तिथूनच पुन्हा गंज धरतो. शिवाय जुन्या जावाच्या टाकीच्या बाजूंना क्रोम असते. त्यावर एक ओघळ गेला की तो डाग कायमचा. सायट्रिक ॲसिडचे पाच ते दहा टक्क्यांचे कोमट द्रावण रात्रभर ठेवले तर ते हेच काम सावकाश आणि सौम्यपणे करते. फॉस्फरिक ॲसिड गंज काढता काढता पत्र्यावर फॉस्फेटचा पातळ थर सोडते, हा त्याचा मोठा गुण. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात लोखंडी सळई लोंबकळत ठेवून, सळईला बॅटरी चार्जरचे धन टोक आणि टाकीला ऋण टोक जोडले तर चांगला पत्रा अजिबात झिजत नाही. पण सळई टाकीला टेकता कामा नये, ती स्टेनलेस स्टीलची असता कामा नये, आणि निघणारा हायड्रोजन उघड्यावर उडून गेला पाहिजे. सळईसमोरची बाजू साफ होते, आडोशाची बाजू मागे राहते, ही त्या पद्धतीची मर्यादा.

यांपैकी कोणतीही पद्धत घ्या, शेवटी हातात येतो तो उघडा, राखाडी, ओला पत्रा, आणि खरी कसोटी इथे लागते. असा पत्रा दमट हवेत काही मिनिटांत नारिंगी पडू लागतो. ॲसिड वापरले असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने त्याचा अंश मारायचा, साध्या पाण्याने एकदा खळाळून काढायचे आणि पाणी निथळताच स्पिरिट फिरवायचे, म्हणजे कोपऱ्यातले पाणी त्यात मिसळून बाहेर येते. मग कॉकचे भोक आणि झाकण दोन्ही उघडी ठेवून गरम हवा आरपार जाऊ द्यायची. पेट्रोल किंवा स्पिरिटचा वास येत असताना गरम हवेचे यंत्र जवळ आणायचे नाही. हवेत दीड टक्क्याच्या आसपास पेट्रोलची वाफ असली तरी एक ठिणगी पुरते. म्हणून आधी पंप किंवा कॉम्प्रेसरची थंड हवा, उष्णता त्यानंतर. पुरती वाळली की लगेच ऑइल मिसळलेले पेट्रोल आत घोळवायचे आणि टाकी काठोकाठ भरायची. म्हैसूरच्या कारखान्यात 1961 ते 1996 या काळात बनलेल्या जावा-येझदी टू-स्ट्रोक होत्या, त्यांच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे. त्या ऑइलचा पातळ ओशटपणा टाकीच्या पत्र्यालाही थोडेफार सांभाळून घेई. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक गाड्यांच्या टाकीला तेवढाही आधार नसतो.

यावर मेकॅनिकचा आक्षेप रास्त आहे: गिऱ्हाइकाला गाडी संध्याकाळी हवी असते, रात्रभर भिजत कोण ठेवणार? पण भिजण्याच्या वेळेत माणूस अडकून पडत नाही. टाकी बाजूला ठेवून दुसऱ्या गाडीचे काम करता येते. वेळ जातो तो वाळवण्यात, आणि झटपट ॲसिडवाला नेमकी तीच पायरी गाळतो. महिन्याभरात कार्बुरेटरचा जेट पुन्हा चोंदतो आणि वाचवलेले पैसे तिथे जातात. दुसरा आक्षेप कोटिंगचा: आतून इपॉक्सीचा लेप दिला की झाले. लेप चांगला असतो, पण तो कोरड्या आणि स्वच्छ पत्र्यालाच धरतो. ओल्या गंजावर दिलेला लेप पापुद्र्यांनी सुटतो आणि कॉकच्या गाळणीत जाऊन बसतो. म्हणजे लेप द्यायचा असला तरी वाळवण्यातून सुटका नाही.

तिसरा मुद्दा आजकाल सर्वांच्या तोंडी असतो: इथेनॉलमुळेच टाक्या गंजतात. 6 फेब्रुवारी 2023 रोजी बेंगळुरूमध्ये वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा शुभारंभ झाला, आणि सीमाभागातले उसाचे शेत आणि टाकीतले इंधन यांचे नाते उघड झाले. इथेनॉल पाणी ओढते हे खरे. पण रोज चालणाऱ्या गाडीत तेच इथेनॉल थोडेसे पाणी पेट्रोलमध्ये विरघळवून इंजिनातून बाहेरही काढते. त्रास उभ्या गाडीचा आहे: पाणी मर्यादेबाहेर गेले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला वेगळा थर धरतात आणि त्या थराखालचा पत्रा खाल्ला जातो. जुना चिकट गाळही इथेनॉलने सुटतो, म्हणून नवे इंधन भरल्यावर अचानक गाळणी भरली तर गंज कालच लागला असे समजू नये. दोष इंधनाच्या माथी मारून महिनोन्महिने अर्धी टाकी तशीच ठेवणे हा आळस झाला.

प्रत्येक टाकी वाचवलीच पाहिजे असेही नाही. स्प्लेंडरची टाकी बाजारात नवी मिळते. तिच्या शिवणीला भोके पडली असतील तर नवी घेणे शहाणपणाचे. आत नुसता तपकिरी डाग असून खपली सुटत नसेल, तर टाकीला हातही लावू नये. चांगला फिल्टर बसवावा आणि ती भरलेली ठेवावी. येझदीची मूळ टाकी मात्र पुन्हा कारखान्यातून येणार नाही, म्हणून तिच्यावर खर्च केलेली रात्र वाया जात नाही. हे काम जुलैत काढू नका. मार्च ते मेच्या कोरड्या दिवसांत काढा, आणि ॲसिड कोणते वापरणार हे विचारण्याआधी मेकॅनिकला विचारा की टाकी वाळवणार कशी. त्याचे नीट उत्तर मिळाले नाही, तर टाकी परत घरी न्या.