चिन्ह कीं आज्ञा?

श्रुतलेखनाच्या तासाला शिक्षकांनीं ‘पूर्णविराम’ असें म्हटलें, तर तुम्ही तो शब्द लिहीत नाहीं. केवळ टिंब देतां. तो शब्द नसून आज्ञा आहे, हें तुम्हांस ठाऊक असतें. परंतु ‘पूर्णविराम’ हा शब्दच लिहावयाचा असेल, तर शिक्षकांस तसें मुद्दाम सांगावें लागतें. संगणकावर मजकूर शोधण्याची ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ नांवाची जी पद्धति आहे, तिचें मर्म एवढेंच आहे.

ह्या पद्धतीचा गणिती पाया अमेरिकन गणितज्ञ स्टीफन क्लेनी ह्यांच्या १९५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत सांपडतो. पुढें १९६८ सालीं केन थॉम्प्सन ह्यांनीं तिच्या आधारें संगणकाकडून मजकूर शोधविण्याची रीत प्रसिद्ध केली.

हिच्यांत शोधावयाच्या शब्दाऐवजीं त्याचा नमुना लिहितात. नमुन्यांतील बहुतेक अक्षरें स्वतःचाच बोध करून देतात. थोडीं चिन्हें मात्र आज्ञा करितात. टिंबाचा अर्थ, ‘येथें कोणतेंही एक चिन्ह चालेल.’ म्हणून ‘क.म’ ह्या नमुन्यानें ‘कलम’ सांपडतें, तसेंच ‘काम’ही सांपडतें, कारण संगणक काना स्वतंत्र मोजतो. तारका म्हणजे ‘मागील चिन्ह कितीही वेळां येवो, मुळींच न येवो’. ‘१०*’ ह्यांत १, १०, १००, १००० हीं सर्व बसतात. तारकेच्या जागीं अधिक-चिन्ह घातल्यास निदान एक शून्य हवेंच. प्रश्नचिन्ह घातल्यास शून्य एकदां येईल किंवा येणार नाहीं. ^ हें चिन्ह ओळीचा आरंभ दाखवितें आणि $ हें शेवट. म्हणून ‘^१०*$’ ह्यास तीच ओळ सांपडते, जींत अशा संख्येवांचून दुसरें कांहीं नाहीं.

आतां आमच्याच हातून घडलेला प्रमाद सांगतों. दोनशें विद्यार्थ्यांच्या गुणपत्रकांत जेथें ‘१.५’ गुण होते, तेथें आम्हांस ‘२’ करावयाचे होते. टिंब साधें समजून आम्हीं तशी आज्ञा दिली. क्षणार्धांत १०५, ११५, १२५ असे १९५ पर्यंतचे दहा पटक्रमांकही ‘२’ होऊन बसले! मूळच्या दुसऱ्या क्रमांकासह एकाच क्रमांकाचे अकरा विद्यार्थी झाले. एका मुलानें आपला क्रमांक विचारला, म्हणून निकालापूर्वीं चूक ध्यानांत आली. नाहीं तर कोणाचे गुण कोणाच्या घरीं गेले असते, कोण जाणे!

उपाय अगदीं सोपा होता. आज्ञा करणाऱ्या चिन्हामागें उलटी तिरपी रेघ घातली, कीं तें चिन्ह साधें होतें. आम्हीं ‘१\.५’ असें लिहावयास हवें होतें. ती रेघच शोधावयाची असेल, तर ती दोनदां लिहावी: ‘\\’.

म्हणून मुलांनो, आधीं मूळ मजकुराची प्रत राखून ठेवा. मग केवळ शोधा, काय सांपडलें तें डोळ्यांनीं पाहा, आणि त्यानंतरच बदला. संगणक आपलें मन जाणत नाहीं. आपण लिहिलें तेवढेंच तो पाळितो.