हॉक माउंटनवरची शिरगणती

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात किटॅटिनी नावाची लांबलचक डोंगररांग आहे. १९३२ मध्ये रिचर्ड पो हा तरुण पक्षीप्रेमी तिथल्या हॉक माउंटन या माथ्यावर पोचला, तेव्हा बंदुका धडाडत होत्या. थंडीच्या तोंडावर दक्षिणेकडे निघालेले बाज, ससाणे आणि गरुड या माथ्याला जवळजवळ घासून जातात, हे शिकाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. कोंबड्या पळवणाऱ्या या पक्ष्यांना मारण्यात कुणाला गैर वाटत नसे. गॉसहॉक मारणाऱ्याला तर सरकारी शिकारखातं पाच डॉलर इनाम देत होतं. पोने मेलेले पक्षी गोळा केले, जमिनीवर ओळीने मांडले आणि त्यांची छायाचित्रं काढली.

ती छायाचित्रं न्यूयॉर्कच्या रोझाली एज यांच्यापर्यंत पोचली. स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यात तावूनसुलाखून निघालेल्या एजबाईंनी १९३४ मध्ये सुमारे १,४०० एकरांचा तो डोंगर भाडेपट्ट्याने घेतला आणि पुढे विकतच घेतला. राखणीला त्यांनी मॉरिस ब्राउन आणि त्यांच्या पत्नी अर्मा यांना नेमलं. अर्मा वाट अडवून उभ्या राहत आणि बंदूकवाल्यांना परत पाठवत. मॉरिस वर बसून जाणारा प्रत्येक शिकारी पक्षी वहीत नोंदवत. शिकारी पक्ष्यांसाठी राखलेलं हे जगातलं पहिलं अभयारण्य, आणि इथली मोजणी ही जगातली सर्वांत जुनी. दुसऱ्या महायुद्धातला खंड वगळता ती आजही चालू आहे.

पक्षी नेमके इथूनच का जातात? वारा रांगेवर आदळला की वर उसळतो. त्या उसळीवर पंख पसरले की फारसे न फडफडवता मैलोन्‌मैल जाता येतं. शिवाय ऊन तापलं की गरम हवेचे स्तंभ उभे राहतात. त्यांत गिरक्या घेत पक्षी उंच चढतात आणि तिथून पुढच्या स्तंभापर्यंत घरंगळत जातात. थंड हवेची लाट येऊन गेल्यावर वायव्येचा वारा सुटला, की मोजणाऱ्यांची धांदल उडते.

मोजणी १५ ऑगस्ट ते १५ डिसेंबर चालते आणि हंगामात सरासरी १८,००० च्या आसपास पक्षी मोजले जातात. सप्टेंबरच्या मध्याला दक्षिण अमेरिकेकडे निघालेल्या रुंदपंखी बाजांचे थवे येतात, ऑक्टोबरात आपल्या शिक्र्याचे छोटे भाऊबंद, तर नोव्हेंबरात सोनेरी गरुड. समोरच्या टेकड्यांना क्रमांक दिलेले आहेत. ‘तीनवर पक्षी!’ असा पुकारा झाला की सगळ्या दुर्बिणी तिकडे वळतात. एवढ्या लांबून रंग कळत नाही. पंख टोकदार की रुंद, शेपूट आखूड की लांब, फडफड कशी, यावरून जात ठरते. गिरक्या घेणारा थवा मोजायचा प्रयत्न कुणी करत नाही. पक्षी वर पोचून एकामागोमाग एक बाहेर पडू लागले, की त्या ओळीत मोजायचे. दर तासाला पक्ष्यांच्या आकड्यांबरोबर वारा, तापमान, ढग आणि दृश्यमानताही लिहायची.

रांगेवरून जाणारे सगळे पक्षी मोजणाऱ्याला दिसत नाहीत, त्यामुळे या आकड्यांवरून एकूण संख्या सांगता येत नाही. पण तीच जागा, तोच हंगाम आणि तीच पद्धत वर्षानुवर्षं सांभाळली, तर चढउतार कळतात. रेचेल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात ब्राउन यांचीच वही साक्षीला काढली. १९३५ ते १९३९ मध्ये दिसलेल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांपैकी ४० टक्के पिल्लं होती. १९५५ ते १९५९ मध्ये २० टक्केच उरली. १९५७ मध्ये तर ३२ प्रौढांमागे एक पिल्लू! मोठे गरुड आकाशात दिसत होते, म्हणून सारं आलबेल वाटत होतं. घरट्यांतून मात्र पुढची पिढी बाहेर पडत नव्हती. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होत होती, हे नंतर सिद्ध झालं. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीच्या वापरावर बंदी आणली आणि २००७ मध्ये हा गरुड तिथल्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून बाहेर आला.

आज अशी ठाणी अनेक आहेत. मेक्सिकोत व्हेराक्रूझजवळ डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवरून एका हंगामात चाळीस लाखांहून अधिक शिकारी पक्षी जातात. जॉर्जियात बाटुमीजवळ, काळा समुद्र आणि कॉकेशस यांच्या बेचक्यात, २००८ पासून मोजणी होते. तिथला आकडा दहा लाखांच्या घरात असतो.

भारतातही बंदुकीऐवजी जाळ्यांची अशीच कहाणी घडली. नागालँडमधल्या दोयांग जलाशयावर २०१२ मध्ये हजारो अमूर ससाणे जाळी लावून मारले गेले. देशभर संताप उसळला. पांगती आणि आसपासच्या गावांनी स्वतःहून बंदी घातली आणि पुढच्याच हंगामात शिकार थांबली. २०१३ मध्ये काही ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रं बसवली गेली. सायबेरिया आणि उत्तर चीनकडून येऊन, भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेपर्यंत जाण्याची त्यांची वाट त्यामुळे तपशिलाने कळली.

ही वाट महाराष्ट्रावरूनही जाते. पावसाळा सरल्यावर लोणावळ्याच्या परिसरात पक्षीनिरीक्षक अमूर ससाण्यांवर नजर ठेवून असतात, आणि पुणे-सोलापूरकडच्या माळांवर त्याच सुमारास भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी उतरतात. त्यांच्या नोंदी ठेवणाऱ्यांनी ब्राउन यांच्या वहीतून एक सवय जरूर उचलावी. छायाचित्राबरोबर तारीख, जागा, वारा आणि किती तास पाहिलं ते लिहावं. एकही पक्षी दिसला नाही, तो तासही लिहावा. वीस वर्षांनी तुलना करायला बसणाऱ्याला त्या शून्याचीही गरज लागेल.