नातवंडांचा अभ्यास: आधी कान-डोळे, मग पुस्तक



सप्टेंबर आला की इथे एडिसनला आम्हा आजी-आजोबांची ड्युटी सुरू होते. सकाळी नातवंडाला स्कूल बसमध्ये बसवायचं, दुपारी उतरवून घ्यायचं, खायला घालायचं आणि मुलगा-सून घरी येईपर्यंत सांभाळायचं. मग वाटतं, अभ्यासही आपणच घ्यावा. पण इथली गणिताची रीत निराळी, आणि आपले इंग्रजी उच्चार तर किंडरगार्टनमधलं पोर सुधारतं! होमवर्क आईबापांवर सोडा. दुपारभर मूल आपल्या नजरेसमोर असतं, तेव्हा त्याला नीट ऐकू येतं का, दिसतं का, झोप पुरते का, एवढं पाहा. नर्सची नोकरी केलेल्या बाईचं हे सांगणं आहे.

ह्या गावाला १९५४ साली ज्याचं नाव दिलं, त्या थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा इथेच होती. तो लहानपणी जेमतेम काही महिने शाळेत गेला. मास्तर आपल्याला मठ्ठ समजत, असं तो पुढे सांगे. आई पूर्वी शिक्षिका होती, तिने त्याला घरी शिकवलं. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याला लहान वयापासून ऐकू कमी येई, हे फारसं कोणी सांगत नाही. आणि १८७७ मध्ये फोनोग्राफ, म्हणजे आवाज साठवणारं यंत्र, त्यानेच काढलं!

लहान मुलांना सर्दी झाली की कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं. दुखत नाही, ताप नाही, पण पाण्यात बुडी मारल्यावर यावा तसा आवाज येतो. बहुतेक वेळा तीन महिन्यांच्या आत ते आपोआप ओसरतं. तोवर मूल वर्गात अर्धंच ऐकतं आणि बाई म्हणतात, ह्याचं लक्ष नाही. टीव्ही मोठा करतो का, सारखं "काय? काय?" विचारतो का, पाठीमागून हळू हाक मारली तर वळतो का, हे पाहत जा. एक दिवस ऐकू येतं, दुसऱ्या दिवशी नाही, असंही होतं. त्याला हट्टीपणा समजू नका. तीन महिने झाले तरी फरक नसेल किंवा बोलणं मागे पडत असेल, तर कानाची तपासणी करून घ्यावी. आणि कृपा करून लसणीचं कोमट तेल कानात ओतू नका. पडद्याला भोक असेल तर ते आत जातं. आपल्या आज्या ओतत होत्या, मान्य आहे.

डोळ्यांचं दुखणं तर मूल सांगतच नाही, कारण सगळ्यांना असंच दिसत असेल असं त्याला वाटतं. एक डोळा अधू असला तरी दुसऱ्यावर भागतं. अशा आळशी डोळ्यावर सात वर्षांच्या आत उपचार झाला तर उत्तम गुण येतो. खेळता खेळता एकेक डोळा हाताने झाका. एकच डोळा झाकल्यावर मूल चिडत असेल, तर डॉक्टरांना सांगा. मान वाकडी करून किंवा एक डोळा मिटून पाहणं हीसुद्धा खूण. आणि रोज बाहेर न्या. तैवानमध्ये २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास उघड्यावर ठेवायचा कार्यक्रम आहे, त्याने लांबचं न दिसण्याचं प्रमाण घटलं. आपल्याला रूझवेल्ट पार्क आहेच; थंडीत गुंडाळून न्यावं.

झोपेचं एक वाक्यात सांगते: पाच वर्षांपर्यंत दिवसाकाठी १० ते १३ तास, सहापासून ९ ते १२ तास. मुंबईला पहाट झाली की नातेवाइकांचा व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा इथे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. तो रविवार सकाळी ठेवा.

राहिलं बोलणं. घरात मराठी बोललं की इंग्रजी कच्चं राहतं, असं काही सुना घाबरून म्हणतात. तसं होत नाही. दोन भाषांमुळे मूल बोलायला मागे पडत नाही. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकरांनी मुंबईत आपल्या समाजाची शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदुरी. तिथे मराठीबरोबर हिब्रूही शिकवत. मलिद्याच्या ताटात केळी किती, खजूर किती, मुलालाच मोजून मांडू द्या. योसेफ आणि त्याच्या भावांची गोष्ट आपल्या जुन्या कीर्तनांसारखी रंगवून सांगा, मध्येच थांबा आणि विचारा, "आता भाऊ काय करतील?" उत्तर इंग्रजीत आलं तरी चालेल.

काही खटकलं तर सुनेला "ह्याचं लक्ष नसतं" असं म्हणू नका, तिला ते लागतं. "मंगळवारी तीनदा मागून हाक मारली, वळला नाही," असं सांगा. कॅलेंडरवर लिहून ठेवलं तर डॉक्टरांनाही उपयोगी पडतं. शाळेत नर्स असते, तिला भेटायला सांगा. तपासणीसाठी पालक शाळेकडे लेखी मागणी करू शकतात, आणि गरज ठरली तर सरकारी शाळेत स्पीच थेरपीसारखी मदत फुकट मिळते.