धापेला भाकरीचे औषध

वरोऱ्यात इंग्रजांनी १८७१ च्या सुमारास कोळसा काढायला सुरुवात केली. ती खाण १९०६ साली बंद पडली, पण कोळशाने हा मुलूख सोडला नाही. आज माजरी परिसरात वेकोलिच्या खाणी आहेत, वरोऱ्यातच वीज केंद्रे आहेत. ही धूळ, ही राख कोणाच्या छातीत जाते? ट्रक भरणाऱ्याच्या, कोळसा वेचणारीच्या, चुलीपुढे फुंकणी घेऊन बसणाऱ्या मायच्या. ही माणसे कोणत्या वस्तीत राहतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

अशा माणसाला धाप लागली की डॉक्टर पंप लिहून देतात आणि जाता जाता म्हणतात, 'चांगले खात जा.' हे बोलणे वरवरचे नाही. श्वास स्नायूंच्या बळावर चालतो. फुफ्फुस खराब झाले की बसल्या जागी श्वास घ्यायलाही जास्त शक्ती लागते. ती अन्नातून मिळाली नाही तर शरीर स्वतःचेच मांस जाळते. दंड वाळतात, तसे छातीखालचे श्वासपटलही वाळते. धाप वाढते, धापेने घास गिळवत नाही, वजन आणखी उतरते. अन्नाने गेलेले फुफ्फुस परत येत नाही. पण वाळलेल्या रुग्णाचे वजन वाढते, अंगात बळ येते. म्हणून थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा खावे. वरण, अंडी, सुकट, शेंगदाणे खावेत.

पण आणायचे कोठून? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबात माणशी पाच किलो धान्य मिळते. त्यात डाळ नाही, अंडे नाही. गरिबाला परवडणारे बैलाचे मांस २०१५ च्या कायद्याने बंद झाले. क्षयरोग्याला आहारासाठी २०१८ पासून महिना ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये मिळतात. हे योग्यच आहे. झारखंडमधील अभ्यासाने २०२३ साली दाखवले की, घरातल्यांना पोषक शिधा दिल्याने त्यांच्यातील नवा क्षय ३९ टक्क्यांनी घटला. मग धुळीने छाती गेलेल्याने काय गुन्हा केला? आणि क्षय बरा झाला, पण फुफ्फुसावर व्रण राहिले, त्याचे पैसे उपचार संपताच का थांबावेत?

कोळशाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोग कामातून येतो, हे कायद्याने कधीच मान्य केले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांतही तो नोंदवण्याचा रोग आहे. पण नोंद झाली तरच भरपाई मिळते, आणि ठेकेदाराचा मजूर खाणीत होता याचाच कागद नसतो.

मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. पुढच्याच वर्षी खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. त्या वाटेने आपण तीन मागण्या करू. प्रत्येक धापेच्या रुग्णाचे वजन दवाखान्यात दर वेळी नोंदवा. त्याच्या शिधापत्रिकेवर डाळ, तेल, अंडी द्या. ठेकेदारी मजुरालाही कामाचा दाखला आणि छातीची तपासणी द्या.

बांधवांनो, हजेरीची चिठ्ठी, पगाराचा कागद, छातीचा फोटो जपून ठेवा. उद्या तोच आपला साक्षीदार आहे.