कागदावरील रोगपरीक्षा

समईची वात तेल ओढते, तसाच कागदही द्रव शोषून घेतो. या गुणाच्या आधारे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या संशोधकगटाने २००७ साली कागदी रोगपरीक्षा सिद्ध केली. २००९ साली मेणाची स्वस्त रीत निघाली. कागदावर मेण छापून तापविले असता ते आत मुरून बांध तयार होतात. मधल्या पाटातून लघवीचा थेंब वाळविलेल्या रसायनापर्यंत पोचतो. प्रथिने असल्यास पिवळा ठिपका निळसर होतो; साखर असल्यास तपकिरी रंग उमटतो.

गर्भवतीच्या लघवीत प्रथिने आढळल्यास विलंब न लावता तिचा रक्तदाब आरोग्य केंद्रात तपासून घ्यावा. परीक्षेचे कागद ओलीपासून जपावेत. कागद केवळ सूचना देतो. निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते.