गिऱ्हाइकाच्या खिशातील चिठ्ठी

पेढीवर आलेले गिऱ्हाईक मुनीमजींच्या ध्यानात राहते. संकेतस्थळास मात्र मुळात स्मृतीच नसते. पान पालटले की तेच गिऱ्हाईक त्यास परके. या अडचणीवर नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ साली 'कुकी' योजिली. दुकान एक छोटी चिठ्ठी लिहिते; ती गिऱ्हाइकाच्याच ब्राउझरमध्ये राहते आणि पुढील प्रत्येक फेरीस आपोआप दाखविली जाते. टोपलीत घातलेला माल टिकतो तो हिच्यामुळे. इथवर आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्रयस्थाच्या चिठ्ठीविषयी. एकाच जाहिरातदाराची चिठ्ठी अनेक दुकानांतून चालते आणि कोणी कोठे काय न्याहाळले, याची खतावणी तो परस्पर मांडतो. एका गिऱ्हाइकाचे खाते दुसऱ्या पेढीस दाखविणे आपल्यात अप्रतिष्ठेचे. मग आपल्या संकेतस्थळावर हा दलाल कोणी बसविला, याची चौकशी आपण करतो काय?

सफारी २०२० पासून अशा चिठ्ठ्या सरसकट अडविते. गूगलने त्या क्रोममधून काढण्याची घोषणा त्याच वर्षी केली, पण २०२४ साली तो बेत सोडला. म्हणून क्रोम वापरणाऱ्याने सेटिंग्जमधील गोपनीयतेच्या विभागात जाऊन त्रयस्थ कुकी स्वतःच बंद कराव्यात. जुन्या कुकी पुसताही येतात. मात्र त्यानंतर ठिकठिकाणी परवलीचा शब्द पुन्हा द्यावा लागतो.

युरोपात माल विकणाऱ्या बंधूंनी आणखी ध्यानात ठेवावे: तेथे अनावश्यक कुकीसाठी आधी संमती लागते, आणि अगोदरच खूण करून ठेवलेली चौकट ही संमती नव्हे, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने २०१९ साली दिला आहे.